फाईल आहे, पण ग्रबला दिसत नाही: मार्केट यार्डातल्या एका सर्व्हरचं प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात घडलेलं हे प्रकरण. नुकसान म्हणाल तर फार नाही, एका सकाळी पट्ट्या उशिरा निघाल्या एवढंच. पण ज्या कारणानं सर्व्हर बसला ते कारण आडबाजूचं आहे, आणि निदान करायला गेलं की पुरावा आपोआप पुसला जातो. म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे एक्सएफएसवर (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाईलसिस्टीम) चालणारं लिनक्स मशीन आहे आणि यूपीएसवर फारसा भरवसा नाही, त्यांच्या हे थेट कामाचं आहे.

मशीन आणि प्रसंग

दुकानातला सर्व्हर म्हणजे काउंटरच्या मागे, पोत्यांच्या धुळीत ठेवलेलं एक असेंबल्ड मशीन. जुन्या पद्धतीचं बायॉस, एक एसएसडी, त्यावर आल्मालिनक्स ९ आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. सौदे संपले की शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, खरेदीदाराची बिलं सगळं याच्यावर. बसवणाऱ्यानं डिस्कचे दोनच भाग केले होते: पहिला मोठा, एक्सएफएसचा, ज्यात सगळी सिस्टीम, दुसरा स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची जागा). /बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाईलींच्या डिरेक्टरीसाठी, वेगळा भाग नाही. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

हंगामाच्या दिवसांत एका संध्याकाळी शेठजींच्या पुतण्यानं सिस्टीम अपडेटला लावली. पोरगा हुशार आहे, सांगितलेलं नीट पाळतो. डीएनएफनं (अपडेट उतरवून बसवणारा प्रोग्रॅम) नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसवला, शेवटी ‘कम्प्लीट’ असं छापलं. त्यानं त्यानंतर ‘सिंक’ ही कमांडही मारली, कारण वीज जायच्या आत डेटा डिस्कवर ढकलायचा असेल तर सिंक मारावं, हे त्याला ठाऊक होतं. आणि वीज गेलीच. यूपीएसची बॅटरी कधीच म्हातारी झाली होती, तिनं एक शिटी मारली आणि मशीन बंद. दुकान बंद करायची वेळ झालीच होती, सगळे घरी गेले.

सकाळी दिवाणजींचा फोन. “सर्व्हर उठंना झालाय ओ. इंग्लिशमध्ये कायबाय लिवतंय, फाईल नाय म्हणतंय, अन् शेवटाला पॅनिक म्हणून थांबतंय. हार्डवेअरवाला येऊन बघून गेला, डिस्क गेली म्हणतोय. नवीन टाकायची का?”

मी म्हटलं, मामा, डिस्कला कुणाला हात लावू देऊ नका. स्क्रीनचा फोटो पाठवा.

फोटोत दोन गोष्टी होत्या. वर ग्रबची, म्हणजे मशीन चालू होताना कर्नल उचलून सुरू करणाऱ्या बूटलोडरची, ओळ: /बूट/इनिटरॅमएफएस, पुढे नव्या कर्नलचा आकडा, आणि ‘नॉट फाऊंड’. त्याखाली कर्नलची शेवटची ओळ, रूट (मूळ) फाईलसिस्टीम माउंट करता, म्हणजे वापरासाठी जोडता, येत नाही म्हणून पॅनिक. दुसरी ओळ पहिलीचाच परिणाम आहे. इनिटरॅमएफएस म्हणजे कर्नलला सुरुवातीला हाताशी लागणारी छोटी सिस्टीम. ती मिळाली नाही की कर्नल एकटाच उठतो, पण मूळ डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर त्याच्याकडे नसतात.

फोनवरच सांगितलं: बंद करून चालू करा, मेनू आला की खाली जाणारा बाण एकदा दाबा आणि एंटर. मेनूतली दुसरी ओळ म्हणजे आधीचा कर्नल. मशीन उठलं. पट्ट्या निघायला लागल्या. हार्डवेअरवाल्याचा नव्या एसएसडीचा भाव तेवढा व्हॉट्सॲपवर तसाच पडून राहिला.

हरवलेली फाईल जागेवरच

पुढचं सगळं लांबून, एसएसएचवरून. पहिलं काम म्हणजे /बूटमध्ये बघणं. आणि तिथे नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस होतं! पूर्ण आकाराचं, आदल्या संध्याकाळच्या वेळेचं. आतली यादी काढून बघितली, सगळी मॉड्यूलं जागच्या जागी. ग्रब ज्या फाईलला ‘नाही’ म्हणाला होता ती फाईल तासाभरानं, कुणीही काही न करता, तिथेच हजर.

दुपारी जेवणाच्या सुटीत नवा कर्नल निवडून मशीन पुन्हा चालू करायला लावलं. एका दमात उठलं.

अशा वेळी बहुतेक जण ‘केबल सैल असेल’ म्हणून विषय मिटवतात. सांगलीतच काय, कुठेही. हार्डवेअरवाल्यानंही दुपारी तेच म्हटलं. पण केबल किंवा डिस्क बिघडली असती तर ग्रबनं वेगळी तक्रार केली असती. सेक्टर वाचता आला नाही तर तो अमुक सेक्टर अमुक डिस्कवरून वाचता आला नाही असं सेक्टरच्या आकड्यासकट सांगतो. इथे त्याला वाचायला काहीच अडचण आली नव्हती. त्यानं डिरेक्टरी व्यवस्थित वाचली, आणि तिच्यात ते नाव नव्हतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्याही स्वच्छ होत्या. फाईल अर्धवट लिहिली गेली असावी, हा संशयही टिकत नव्हता, कारण अर्धवट फाईल नंतर आपोआप पुरी होत नाही.

उत्तर सकाळच्या बूटच्या नोंदींत सापडलं. जुन्या कर्नलनं रूट माउंट करताना एसडीए१ साठी दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘स्टार्टिंग रिकव्हरी’ आणि लगोलग ‘एंडिंग रिकव्हरी’. म्हणजे फाईलसिस्टीम नीट अनमाउंट न होता बंद पडली होती, आणि कर्नलनं माउंट करताना जर्नल वाचून ती सावरली. ती फाईल या दोन ओळींच्या मध्ये ‘आली’.

एकच डिस्क, दोन वाचणारे

दिवाणजींना हे समजावताना फार कष्ट पडले नाहीत, कारण त्यांचं आयुष्य वह्यांत गेलंय. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ पडते, खतावणीत ती नंतर, सवडीनं चढते. मधल्या वेळेत कुणी फक्त खतावणी उघडून बघितली तर तो म्हणेल, असा व्यवहारच झालेला नाही. रोजकीर्द बघणारा म्हणेल, झालाय की, ही काय नोंद. दोघंही खोटं बोलत नाहीत.

जर्नल असलेल्या फाईलसिस्टीममध्ये हेच चालतं. नवी फाईल तयार झाली की डिरेक्टरीतलं नाव, आयनोड (फाईलची माहिती आणि तिचे तुकडे कुठे आहेत ते सांगणारी नोंद), मोकळ्या जागेचा हिशेब, हे सगळे बदल आधी जर्नलमध्ये एकत्र, एका व्यवहारासारखे लिहिले जातात. त्यांच्या कायमच्या जागी ते नंतर जातात. मध्येच वीज गेली तर पुढच्या माउंटला कर्नल जर्नल वाचतो आणि राहिलेले बदल जागेवर बसवतो.

ग्रब मात्र जर्नल उघडतच नाही. एक्सएफएसवरची फाईल तो कशी शोधतो ते बघा. आधी सुपरब्लॉक, म्हणजे फाईलसिस्टीमची मूळ माहिती असलेला ब्लॉक, वाचतो, त्यातून मूळ डिरेक्टरीच्या आयनोडचा क्रमांक मिळतो. एक्सएफएसमध्ये आयनोडच्या क्रमांकातच त्याचा डिस्कवरचा पत्ता दडलेला असतो: कुठला गट, त्यातला कुठला ब्लॉक, ब्लॉकमधली कितवी जागा. तिथे जाऊन डिरेक्टरी वाचायची, ‘बूट’ शोधायचं, त्याचा आयनोड घ्यायचा, त्यात फाईलचं नाव शोधायचं, तिच्या आयनोडमधून तुकड्यांची यादी काढायची आणि ते ब्लॉक मेमरीत भरायचे. या वाटेवर लॉग (एक्सएफएसचं जर्नल) कुठेच लागत नाही. जे कायमच्या जागी आहे तेच ग्रबसाठी सत्य.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या नेहमीच्या फाईलसिस्टीमबाबत तर हे अगदी ठरवून केलेलं आहे. त्या फाईलसिस्टीममध्ये ‘रिकव्हरीची गरज आहे’ असं सांगणारी खूण सुपरब्लॉकमध्ये असते, आणि ही खूण न समजणाऱ्यानं फाईलसिस्टीमला हातच लावू नये अशी तिची जात आहे. ग्रबच्या ड्रायव्हरमध्ये दुर्लक्ष करायच्या खुणांची एक यादी आहे, त्यात ती नोंदवून ठेवली आहे. दिसली तरी पुढे जायचं.

तर मग ग्रबनं जर्नल वाचायला शिकायला नको का? माझं मत: नको. आणि हे मी ग्रबचा फार मोठा भक्त आहे म्हणून म्हणत नाही.

पहिली अडचण हायबरनेशनची. मशीन झोपवलेलं असेल तर कर्नलच्या जतन केलेल्या मेमरीत ती फाईलसिस्टीम अजून माउंटच आहे. बूटलोडरनं मधल्या मध्ये जर्नल डिस्कवर उतरवलं आणि मग कर्नल जागा झाला, तर त्याच्या मनातली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क वेगळी. पुढे खराबी ठरलेली. डिस्कला न लावता फक्त मेमरीत जर्नल लागू करणं हा सुरक्षित मार्ग आहे, आणि जुन्या ग्रबनं, ज्याला आता ग्रब लेगसी म्हणतात, रायझरएफएस या जुन्या फाईलसिस्टीमसाठी तसं करूनही दाखवलं होतं. ईएक्सटी४ ला ते त्या मानानं सोपं, कारण तिच्या जर्नलमध्ये मुख्यतः पूर्ण ब्लॉकच्या प्रती असतात. अमुक ब्लॉकऐवजी जर्नलमधली ही प्रत वाच, असा तक्ता केला की बरंचसं भागतं. एक्सएफएसचं तसं नाही. तिच्या लॉगमध्ये ब्लॉकमधल्या बदललेल्या तुकड्यांच्या नोंदी असतात, शिवाय ‘हे करायचं ठरलं’ आणि ‘हे झालं’ अशा जोडनोंदी असतात. ठरलं पण झालं नाही असं एखादं काम लॉगमध्ये सापडलं तर ते पुरं करायला खरा जागा-वाटप करणारा कोड लागतो. तो सगळा बूटलोडरमध्ये आणणं म्हणजे फाईलसिस्टीमची दुसरी आवृत्तीच लिहून, दरवर्षी नव्या वैशिष्ट्यांसह सांभाळत बसणं. कर्नलमधला कोड उचलून टाकू म्हणाल तर परवाने जुळत नाहीत: लिनक्स फक्त जीपीएल २ वर, ग्रब जीपीएल ३ किंवा पुढच्यावर.

त्यात जागेचा प्रश्न. जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कवर पहिला भाग त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू व्हायचा, त्यामुळे ग्रबच्या गाभ्याला ६२ सेक्टर, म्हणजे ३१ केबी मिळायचे. आता पहिला भाग १ एमबीपासून सुरू होतो म्हणून थोडी मोकळीक आहे, पण वळण तेच राहिलंय.

जाता जाता: लिलो हा जुना बूटलोडर ज्यांनी वापरलाय त्यांना हा प्रकार माहीतच नसेल. लिलोला फाईलसिस्टीम कळतच नव्हती. बसवताना तो कर्नलच्या ब्लॉकचे पत्ते टिपून ठेवायचा आणि बूटला थेट ते ब्लॉक उचलायचा. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला की बोंब, पण जर्नलमध्ये अडकलेल्या नावाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

सिंक मारलं होतं ना?

पुतण्याचा प्रश्न रास्त होता. सिंक परत आलं म्हणजे डेटा डिस्कवर गेला, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं, आणि ते खरं आहे. फक्त ते वचन कुणाला दिलेलं आहे ते बघावं लागतं. वचन असं: आता वीज गेली तरी पुढच्या वेळी ही फाईलसिस्टीम माउंट कराल तेव्हा तुमची फाईल तुम्हाला मिळेल. माउंट कराल तेव्हा. जर्नल न वाचता डिस्क चाचपणाऱ्याला ते लागू नाही.

एक्सएफएसवर सिंक केलं की फाईलमधला मजकूर डिस्कवर जातो आणि लॉग डिस्कवर जातो. डिरेक्टरी आणि आयनोड त्यांच्या कायमच्या जागी गेलेच पाहिजेत असं सिंकवर बंधन नाही. त्या रात्री इनिटरॅमएफएसचे सगळेच्या सगळे ब्लॉक एसएसडीवर पक्के लिहिलेले होते. त्यांच्यापर्यंत नेणारं नाव मात्र लॉगमध्ये होतं.

ईएक्सटी४ असती तर बहुधा हे घडलंच नसतं, आणि याचं कारण कुठल्या मोठ्या तत्त्वात नाही, अंतर्गत रचनेत आहे. ईएक्सटी४ मेटाडेटाचे (नावं, आयनोड वगैरे हिशेबाचे) ब्लॉक कर्नलच्या नेहमीच्या ब्लॉक डिव्हाइसच्या कॅशमध्ये ठेवते. सिंक शेवटी त्या कॅशवरूनही हात फिरवतं, त्यामुळे जर्नल पक्कं झाल्यावर तेच ब्लॉक जागेवरही लिहिले जातात. एक्सएफएसची मेटाडेटाची कॅश तिची स्वतःची, वेगळी. सिंकचा हात तिथपर्यंत पोचत नाही. यावरून ईएक्सटी४ जास्त सुरक्षित असं कुणी समजू नये; तिथेही एकाच फाईलवर एफसिंक (त्या फाईलपुरतं सिंक) केलं तर फक्त जर्नलचीच हमी मिळते.

एक्सएफएस जमा झालेले बदल जागेवर ढकलण्याचं काम दर ३० सेकंदांनी करते. म्हणजे धोक्याची खिडकी साधारण अर्ध्या मिनिटाची. ‘कम्प्लीट’ आणि वीज जाणं यांच्यात तेवढाही वेळ गेला नव्हता, हे डीएनएफच्या नोंदी आणि त्या रात्रीच्या शेवटच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

आता कोडं उरलं ते एवढंच: नवा कर्नल आणि मेनूतली नवी ओळ ग्रबला दिसली, मग एकटं इनिटरॅमएफएस का नाही? कारण क्रम. कर्नल बसताना व्हीएमलिनुझची (खुद्द कर्नलची) फाईल आणि मेनूची नोंद आधी /बूटमध्ये येते, त्यानंतर ड्रॅकट हा प्रोग्रॅम इनिटरॅमएफएस बांधायला बसतो. या जुन्या मशीनवर ते काम बराच वेळ चालतं. तेवढ्यात एकदा तरी तीस सेकंदांची फेरी होऊन गेली आणि आधीच्या दोन्ही फाईली जागेवर बसल्या. ड्रॅकट मात्र सगळं तात्पुरत्या जागेत बांधून तयार फाईल अगदी शेवटी /बूटमध्ये ठेवतो. ती नोंद पुढच्या फेरीला मुकली.

हे जर उलटं झालं असतं, म्हणजे तिन्ही फाईली लॉगमध्येच असत्या, तर ग्रबला मेनूत नवी ओळच दिसली नसती. मशीन मुकाट जुन्या कर्नलवर उठलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

ड्रॅकटची काळजी आणि तिची कड

इथे मला जरा थांबावं लागलं. कारण ही अडचण ड्रॅकट लिहिणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे आणि त्यांनी तिच्यावर उपायही केलेला आहे. इनिटरॅमएफएस लिहून झालं की ड्रॅकट त्या फाईलवर सिंक करतो, आणि पुढे एफएसफ्रीझ वापरून ती फाईलसिस्टीम क्षणभर गोठवून लगेच सोडतो. गोठवताना फाईलसिस्टीमला सगळे राहिलेले बदल कायमच्या जागी नेऊन ठेवावेच लागतात. त्यानंतर ग्रब काय, कुणीही वाचावं. ओएसट्रीवर (अख्खी सिस्टीम एका आवृत्तीसारखी बदलणारं अवजार) चालणाऱ्या सिस्टीमही नवी आवृत्ती लावताना /बूटला असंच गोठवून सोडतात.

मग इथे का नाही झालं? ड्रॅकटची स्क्रिप्ट उघडली, शेवटाकडे गेलो. अट सरळ लिहिलेली आहे: फाईल ज्या माउंटवर पडली तो ‘/’ असेल तर गोठवायचं नाही.

ही अट बरोबरच आहे. रूट गोठवली की तिच्यावर लिहायला जाणारी प्रत्येक प्रक्रिया जागच्या जागी थांबते. सोडण्याची कमांड चालवणारी प्रक्रियाच जर कशापायी अडकली, तर मशीन तसंच गोठलेलं राहतं आणि मग बटण दाबण्यावाचून मार्ग नाही. चालत्या सर्व्हरवर असला जुगार कुणी खेळू नये. पण तिचा परिणाम असा की /बूट वेगळं असलेल्यांना संरक्षण मिळतं, आणि सगळं एकाच भागात ठेवणाऱ्यांना नाही. रेड हॅटच्या घराण्यात २०१४ च्या आवृत्ती ७ पासून एक्सएफएस हीच ठरलेली फाईलसिस्टीम आहे. इन्स्टॉलरला आपणहून भाग पाडू दिले तर तो वेगळं /बूट करतो. हातानं भाग पाडणारा ‘कशाला उगाच’ म्हणून ते गाळतो, आणि इन्स्टॉलरही अडवत नाही. या दुकानात तेच झालं होतं.

घरी पुन्हा घडवून

नोंदींवरून काढलेला निष्कर्ष पटला होता, तरी डोळ्यांनी बघायचं होतं. घरच्या मशीनवर त्याच पद्धतीनं एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं: आल्मालिनक्स ९, एकच एक्सएफएस भाग. नवा कर्नल बसवला, ‘कम्प्लीट’ दिसताच सिंक, आणि व्हर्श या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या अवजाराच्या डिस्ट्रॉय कमांडनं मशीनचा गळा आवळला. ती कमांड म्हणजे वीज काढून घेणंच.

मग डिस्कच्या इमेजच्या दोन प्रती केल्या. हे फार महत्त्वाचं, कारण एकदा सरळ माउंट केलं की जर्नल लागू होतं आणि पुरावा संपतो. फक्त वाचण्यासाठी माउंट केलं तरीही! ‘आरओ’ लिहिलं म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही हा गैरसमज आहे. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ दोन्हीही तशा माउंटलाही आधी जर्नल उतरवतात. जर्नल वगळून बघायचं तर एक्सएफएसला आरओच्या जोडीनं ‘नोरिकव्हरी’ आणि ईएक्सटी४ ला ‘नोलोड’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

पहिली प्रत नोरिकव्हरीनं माउंट केली. /बूटमध्ये नवं व्हीएमलिनुझ होतं, नवं इनिटरॅमएफएस नव्हतं. अनमाउंट करून त्याच प्रतीला ग्रबच्या ‘एफएसटेस्ट’ या अवजारानं विचारलं. हे अवजार फार कमी जणांना माहीत आहे: ग्रबचेच फाईलसिस्टीम ड्रायव्हर, पण चालत्या लिनक्समध्ये चालवता येतात, म्हणजे बूटला ग्रबला जे दिसेल तेच इथे बसून बघता येतं. त्याचीही यादी तीच. फाईल नाही. दुसरी प्रत नेहमीसारखी माउंट केली, आणि इनिटरॅमएफएस हजर. दोन्ही याद्या शेजारी ठेवून डिफ काढला तर एका ओळीचा फरक.

दरवेळी असंच घडेल असं नाही. तीस सेकंदांची फेरी कधी येते त्यावर सगळं अवलंबून. एखाद्या वेळी तिन्ही फाईली दिसतात, एखाद्या वेळी एकही नाही.

त्या सकाळी हार्डवेअरवाला लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ‘रिपेअर मारतो’ म्हणाला होता, हे मला नंतर कळलं. एक्सएफएस-रिपेअर लॉगमध्ये शिल्लक दिसली की थांबतं आणि आधी माउंट करून घ्या म्हणून सांगतं. घाईत असलेला माणूस तिथे मोठ्या एल अक्षराचा पर्याय देतो आणि लॉग पुसून टाकतो. मग मात्र इनिटरॅमएफएसचं नाव खरंच गेलं असतं, आणि त्या शेवटच्या क्षणांत पोस्टग्रेसनं ज्या फाईली तयार केल्या किंवा वाढवल्या असतील त्यांचंही काही सांगता आलं नसतं. बूट न होणाऱ्या एक्सएफएसवर पहिला उपाय म्हणजे तिला एकदा माउंट करून अनमाउंट करणं. पेनड्राइव्हवरून केलं तरी चालतं. बहुतेक वेळा तेवढ्यानंच ग्रबला सगळं दिसायला लागतं.

दुरुस्ती

उपाय एकच होता, /बूट वेगळं करणं. पण एक्सएफएस लहान करता येत नाही, म्हणजे मोठ्या भागातून तुकडा काढता येणार नव्हता. राहिला स्वॅप. यार्डाला सुटी असलेल्या दिवशी स्वॅप बंद केला, त्या भागाचे दोन केले: १ जीबी /बूटसाठी, उरलेला पुन्हा स्वॅप. नवा स्वॅप बनवताना त्याला जुनाच यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिला. कर्नलच्या ओळीत झोपेतून उठण्यासाठी तो यूयूआयडी लिहिलेला असतो. तो बदलला तर बूट होताना मशीन नसलेल्या डिव्हाइसची वाट बघत बसतं.

/बूटवर मुद्दाम ईएक्सटी४ केली. एक्सएफएसही चालली असती, ड्रॅकटचं गोठवणं दोन्हीला लागू पडतं. पण कुणी हातानं ग्रबची कॉन्फिग बनवली आणि फक्त सिंक मारलं तर ईएक्सटी४ वर ते पुरतं, म्हणून.

फाईली हक्क आणि लेबलांसकट उचलल्या, एसईलिनक्सची (सुरक्षेची) लेबलं पुन्हा लावली, एफस्टॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) ओळ घातली, ग्रब डिस्कवर नव्यानं बसवला म्हणजे त्याच्या गाभ्याला नवा भाग कळेल. एक जागा अशी आहे जिथे हमखास अडकायला होतं: मेनूच्या जुन्या नोंदी. त्यांत कर्नलचा पत्ता ‘/बूट/व्हीएमलिनुझ’ असा असतो. भाग वेगळा झाला की ग्रबच्या दृष्टीनं /बूट हीच मुळाची जागा, त्यामुळे पत्त्यातलं पहिलं ‘/बूट’ काढावं लागतं. पुढच्या कर्नलच्या नोंदी सिस्टीम आपणहून बरोबर करते, आधीच्या मात्र हातानं सुधारायच्या. जुन्या /बूटची प्रत नव्या माउंटखाली झाकलेली तशीच ठेवली आहे, आणखी एक कर्नल अपडेट सुखरूप पार पडेपर्यंत.

पुतण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली: ग्रबची कॉन्फिग हातानं बनवली की लगेच /बूट गोठवून सोडायचं. तिच्या सुरुवातीला एक तपासणी घातली आहे, /बूट हा खरोखर वेगळा माउंट आहे का. नसेल तर स्क्रिप्ट काही न करता बाहेर पडते. कारण एफएसफ्रीझला डिरेक्टरी दिली की तो ती डिरेक्टरी ज्या फाईलसिस्टीमवर आहे ती अख्खी गोठवतो. कधी एफस्टॅबमधली ओळ चुकली, /बूट माउंटच झालं नाही, आणि स्क्रिप्ट चालवली, तर भर सौद्यात रूट गोठेल.

यूपीएसला नवी बॅटरी बसली. त्याची यूएसबी केबल खोक्यातच होती, ती सर्व्हरला जोडली आणि बॅटरी उतरायला लागली की मशीन स्वतः रीतसर बंद होईल अशी व्यवस्था केली. रीतसर बंद होताना फाईलसिस्टीम अनमाउंट होते किंवा निदान फक्त वाचण्यापुरती होते, आणि दोन्ही वेळा सगळं जागेवर जातं. दिवाणजींनी बॅटरीचं बिल खर्चात टाकलं, आणि शेजारच्या दोन गाळ्यांत माझा नंबर दिला. त्यांतल्या एकाकडेही सगळी सिस्टीम एकाच एक्सएफएस भागात आहे.